अंधारातली साक्ष

गेल्या मे महिन्यात रोह्याहून पेणला येताना गाडीत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. प्रकाशाचा एकेक कण टिपणारी साधने घडवणे आणि तपासणे हा त्याचा उद्योग. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले; तरी नागोठणे येईपर्यंत त्याने मला पुष्कळ समजावले.

नायोबियम नायट्राइडची तार असते. जाडी काही नॅनोमीटर, रुंदी शंभरेक. केस तिच्यापुढे वासा! ती शून्याखाली 270 अंश सेल्सिअसच्या आसपास गार करतात. तेथे विजेला अडथळाच उरत नाही. ही अतिवाहकता 1911 साली लायडनला कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात प्रथम आढळली. मग तारेला सोसेल त्याहून किंचितच कमी वीज तिच्यातून सोडायची. एक प्रकाशकण पडला, की तेवढ्या जागी अतिवाहकता मोडते, अडथळा उपजतो आणि ठोका उमटतो. निमिषात तार पूर्ववत. डिसेंबर 2023 मध्ये सुमारे 3.1 कोटी किलोमीटरांवरच्या 'सायकी' यानाने लेसरने धाडलेले चलच्चित्र पालोमार वेधशाळेत अशाच तारांनी टिपले. चित्र होते एका मांजराचे. माणसाला इतक्या दुरून पाठवावेसे वाटले ते हे!

"वीज वाढवली तर आणखी टिपेल?"

"टिपेल, गुरुजी. पण मग काही न पडताही ठोके देऊ लागेल. म्हणून आधी तिला मिट्ट काळोखात ठेवून ती उगीच किती वेळा बोलते, ते मोजायचे."

"मग वीज कमीच ठेवावी."

"मग तिला दिसणारच नाही."

येथे मी अडकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एक बारीक नजरेचा मुलगा होता. कोणी काय केले ते तो सांगे. मी शाबासकी देई. एकदा कुणाचे पैसे हरवले. त्याने नाव घेतले, मी छडी ओढली. दुसऱ्या दिवशी पैसे ज्याचे त्याच्याच वहीत सापडले. सांगणाऱ्याला मी आजवर खोटारडा समजत आलो. पण त्याला तसे खरेच दिसले असेल. मुकी तार कधी चुकत नाही. म्हणून तिला प्रामाणिक कोण म्हणेल? वीज तर मीच वाढवत नेली होती. काही घडलेले नसताना हा किती बोलतो, हे मात्र कधी पाहिले नव्हते.

छडी खाल्लेला मुलगा आता पेणच्या एका कारखान्यात गणपतींची आखणी करतो. जाता-येता नमस्कार करतो. मी मान हलवून पुढे जातो. त्या संध्याकाळी थांबलो. तो मूर्तीचे डोळे रेखत होता. त्याचा हात हलू नये म्हणून मी दाराशीच उभा राहिलो.