हंसाचा सौदा

नळराजाने हंसाला सोडले ते दया आली म्हणून, की सौदा पटला म्हणून? महाभारताच्या वनपर्वात हंस आधी कबुली देतो: मारू नकोस, विदर्भाच्या दमयंतीपाशी तुझे गुण सांगेन. मग त्याची सुटका होते. १२व्या शतकात श्रीहर्षाने ‘नैषधीयचरिता’त हा प्रसंग फिरवला. तिथे हंस म्हाताऱ्या आईसाठी, नुकत्याच व्यालेल्या हंसीसाठी रडतो आणि राजा द्रवतो. उपकार फेडण्याची भाषा हंस सुटल्यावर, परत येऊन, आपणहून काढतो. तळेगावात आणि आष्टी तालुक्यातल्या गावांत मी कीर्तन करतो. आख्यानाला मी श्रीहर्षाचाच हंस घेतो.

दमयंतीचे कौंडिण्यपूर आमच्याच वर्धा नदीच्या काठी. त्याच नदीवर, वरच्या अंगाला, मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा धरण आहे; त्याच्या जलाशयाला नाव दिले आहे नल-दमयंती सागर. विदर्भातल्या अशा मोठ्या पाण्यांवर हिवाळ्यात खरेखुरे हंस उतरतात. पट्टकदंब त्यांचे नाव, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. घरटी तिबेट-लडाखच्या उंच सरोवरांकाठी. हिमालय ओलांडताना हा पक्षी ७,२९० मीटर उंचीवर उडाल्याची नोंद आहे, आणि तीही वाऱ्यावर तरंगत नव्हे, पंख मारत. विरळ हवेतला प्राणवायू धरून ठेवणारे रक्त त्याला लाभले आहे.

एकदा कीर्तन आटोपल्यावर गाळपेर करणारा एक शेतकरी म्हणाला, “महाराज, तुमचा हंस माह्या गव्हावर उतरते. त्याचं काय करू?”

त्याला पक्ष्यांचे फायदे ऐकवणे मला जमले असते. पण तो पुन्हा वनपर्वातलाच सौदा झाला असता: उपयोगी पडलास तर जग. उपयोग संपला की अशी दयाही संपते. हा जीव आपले काहीही देणे लागत नाही, तरी त्याला जगू द्यायचे, यालाच मी भूतदया म्हणतो. मात्र नळाने स्वतःच्या हातातला हंस सोडला होता. दुसऱ्याच्या गव्हावर दया दाखवण्यात कसले पुण्य?

सप्ताहासाठी आपण घरोघरी धान्य गोळा करतो. गावकऱ्यांनो, ज्याची गाळपेर हंसांनी खाल्ली, त्याच्या घरी त्यातले एक पोते गहू पोचवा. आणि फटाके लावून त्या थव्यांना उठवू नका.