उन्हाची दोन गिऱ्हाइके

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात शेजारी शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी सौरपंपधारकांची सहकारी मंडळी काढली. सुरुवातीला सभासद सहाच. २०१६ मध्ये त्यांची वीज ग्रिडला जाऊ लागली. पिकाला पाणी देऊन उरलेली वीज मध्य गुजरातची वीज कंपनी घेते. करार २५ वर्षांचा, ठरलेला दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे. भांडवलाचा बहुतेक भार एका आंतरराष्ट्रीय जलसंशोधन संस्थेने उचलला होता, हेही सांगायला हवे.

सौरपंपाला ऊन फुकट मिळते. त्यामुळे पिकाची तहान भागली तरी पंप बंद करण्याचे कारण उरत नाही, आणि विहिरीचा तळ लागेपर्यंत उपसा चालतो. ढुंडीत मात्र पंप थांबला की पैसे सुरू होतात. पाणी वाचवण्याचा उपदेश वर्षानुवर्षे वाया गेला. इथे न उपसलेल्या पाण्यालाच मोल आले. सगळ्यांची वीज एकाच ठिकाणी मोजून बाहेर जाते, पैसा मंडळीच्या नावावर येतो आणि ज्याच्या त्याच्या मीटरप्रमाणे वाटला जातो. म्हणजे हिशेब एकमेकांसमोर उघडा ठेवावा लागतो. मला हे फार मोलाचे वाटते.

पण खरा नैतिक पेच पुढेच आहे. ढुंडीचे सभासद पंप नसलेल्या शेजाऱ्यांना पाणीही विकत, आणि डिझेलच्या पाण्यापेक्षा ते स्वस्त पडे. म्हणजे एकाच उन्हाला दोन गिऱ्हाइके: वीज कंपनी आणि बांधापलीकडचा शेजारी. उद्या पाणी विकण्यापेक्षा वीज विकणे फायद्याचे ठरले, तर शेजाऱ्याच्या वाट्याला पाणी कुठून येणार? आणि आले तरी कोणत्या दराने? याचा निर्णय मंडळीची सभा घेईल, पण त्या सभेत हा शेजारी नसेल.

याच खेडा जिल्ह्यात १९४६ साली दूध संघ उभा राहिला, त्यातून अमूल झाले. एक म्हैस असलेला भूमिहीनही गावच्या दूध मंडळीत सभासद होऊ शकतो, आणि त्याचे मत मोठ्या गोठेवाल्याइतकेच भरते. सौर मंडळीत शिरायला मात्र आधी जमीन लागते, मग विहीर. सहकार जितका दाराबाहेरच्यांना आत घेतो तितकाच तो सहकार. बाकी ती भागीदारी.

महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून शिवारोशिवारी पॅनल उभे राहत आहेत. प्रत्येकाचा पंप वेगळा, विहीर वेगळी. खालचे पाणी मात्र एकच. म्हणून पंप मिळालेल्या शेतकऱ्यांना माझी विनंती आहे: एकत्र या, उरलेली वीज विकण्याची सोय सरकारकडे हक्काने मागा. आणि मंडळीची पोटनियमावली लिहायला बसाल, तेव्हा पाणी विकत घेणाऱ्या शेजाऱ्यालाही बोलवा. पाण्याचा दर त्याच्यासमोर ठरवा आणि त्याला मताचा हक्क द्या.