सेवेची पूर्वतयारी

परदेशी जाऊन काही काळ सेवा करावी, अशी इच्छा आज अनेक तरुणांच्या मनात उद्भवते. पारपत्र, लसी, उबदार वस्त्रे यांची सिद्धता सहज होते. परंतु सेवेचा अधिकार कशाने प्राप्त होतो, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून युद्धग्रस्त चीन देशी गेले. शस्त्रक्रियेची विद्या त्यांजपाशी होतीच. तथापि तेवढ्यावर न थांबता त्यांनी चिनी भाषाही आत्मसात केली. पाच डॉक्टरांपैकी चौघे स्वदेशी परतले. कोटणीसांनी मात्र ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच देह ठेविला.

कोणी विचारील, घरी दुःख थोडे का आहे? आक्षेप रास्त आहे. शेजारच्या रुग्णाकडे पाठ फिरवून समुद्र ओलांडणारा केवळ प्रवासास निघालेला असतो. परंतु ज्याच्या हाती विद्या आहे व जेथे तिची निकड आहे, त्यास अंतराची सबब सांगता येत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे: माझ्या जाण्याने तेथील लोकांचा भार हलका होईल, की त्यांच्या पंक्तीस आणखी एक पाहुणा वाढेल? प्रामाणिक उत्तर मिळेपर्यंत हात विद्येत आणि कान परभाषेत गुंतवावे. हीच खरी पूर्वतयारी होय.