भरपाई आणि कबुली

घरातील दिव्याची वा संगणकाची वायर आपण रोज हाताळतो. तिचे प्लास्टिक उष्णतेने बिघडू नये म्हणून त्यात शिशाची संयुगे मिसळण्याची रीत अनेक वर्षे चालत आली. वायरीला लागलेले बोट मूल तोंडात घालते आणि शिसे त्याच्या पोटात जाते. वाढत्या मेंदूला ते घातक असते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी १९८६ साली ‘प्रपोझिशन ६५’ हा कायदा संमत केला. शिसे, कॅडमियम अशा द्रव्यांचा संपर्क घडवणाऱ्या व्यावसायिकाने आधी तसा इशारा दिला पाहिजे. अन्यथा प्रत्येक उल्लंघनास दिवसाला २,५०० डॉलरपर्यंत दंड होतो. सरकार स्वस्थ बसले, तर नागरिकालाही दावा लावता येतो. दंडाचा चौथा हिस्सा त्याला मिळतो. वायरींतील शिशावरून या कायद्याखाली अनेक उत्पादकांवर दावे झाले आणि पुष्कळसे तडजोडीने मिटले. उत्पादक रक्कम भरतो, शिसे घटवतो किंवा इशारा छापतो. मात्र करारात बहुधा एक कलम असते: या तडजोडीने आम्ही कोणताही दोष मान्य करीत नाही.

या कलमापाशी मन अडखळते. तडजोड वाईट नव्हे. खटला वर्षानुवर्षे रेंगाळण्यापेक्षा शिसे लवकर हटले, तर मुलांचे हितच होते. शिवाय कबुली दिल्यास नवे दावे ओढवण्याची भीती असते, हेही समजण्याजोगे आहे. पण कबुलीवाचून दिलेली रक्कम हिशेबाच्या वहीत निव्वळ एक खर्च होऊन बसते. प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई एकत्र नांदतात. जक्कयाने चौपट परतफेडीचे वचन दिले, ते सर्वांसमक्ष. न्यायालय हाताकडून भरपाई वसूल करू शकते. अंतःकरणाकडून कबुली वसूल करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

आणि आपण? जुनी वायर आपण भंगारात देतो. कुठेतरी तांब्यासाठी ती जाळली जाते आणि तिथले मूल तो धूर श्वासात घेते. आपल्या देशातील ई-कचरा नियमांनी अधिकृत पुनर्चक्रणाची सोय केली आहे. तरी आपण सोपी वाट धरतो. त्या मुलाने आपल्यावर दावा लावलेला नाही. म्हणून आपला दोष नाही, असे आपण वेदीसमोर उभे राहून म्हणू शकू काय?