पायाला बांधलेली चिठ्ठी

निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या कपाटात ठेवलेल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोणता, कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कोणी आणला, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. कापूस भरलेली कातडी शंभर वर्षे सहज टिकते. पण चिठ्ठी सुटली की कातडी मुकी होते. संग्रह-व्यवस्थापनाची संगणकप्रणाली म्हणजे अशा हजारो चिठ्ठ्यांचा एकत्र आणलेला, हवा तसा शोधता येणारा आणि जगात कुठेही पाठवता येणारा संच. ती वापरणाऱ्याला रोज जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांच्या मुळाशी नाव आणि वस्तू यांच्या नात्याचा जुना प्रश्न आहे, आणि त्याहून अवघड असा एक नैतिक प्रश्नही.

‘गाय’ या शब्दाने काय कळते, यावर न्यायसूत्रांत सविस्तर चर्चा आहे. समोरची एक गाय, गाईचा आकार, की सगळ्या गाईंत असलेले गोत्व? सूत्रकार गौतमाचे उत्तर असे की व्यक्ती, आकृती आणि जाती हे तिन्ही मिळून शब्दाचा अर्थ होतो. मीमांसकांनी सामान्यालाच शब्दार्थ मानले. बौद्ध तार्किक दिङ्नागाने तर जाती वस्तूत असते हेच नाकारले; गाय म्हणजे जे गाईहून वेगळे नाही ते, एवढाच अर्थ त्याने मान्य केला. संग्रहालयाचा व्यवहार न्यायमताच्या जवळ जातो. कपाटातला पक्षी ही व्यक्ती, तिची ओळख आकृतीवरून पटते आणि तिला जपले जाते ते जातीसाठी. त्यात प्राणिशास्त्राच्या नामकरण-नियमांनी एक विलक्षण भर घातली. जातीचे शास्त्रीय नाव एका ठरावीक नमुन्याशी, ‘टाइप’शी, बांधलेले असते. जातीच्या सीमा उद्या वेगळ्या आखल्या गेल्या तरी नाव त्या एका देहाबरोबरच राहते. सामान्याचे नाव एका मर्त्य व्यक्तीच्या आधारावर उभे असावे, ही कल्पना प्राचीन नैयायिकांनाही विचारात पाडणारी ठरली असती.

चांगल्या प्रणालीची रचना हा भेद पाळते. ‘स्पेसिफाय’ किंवा ‘आर्क्टोस’ यांसारख्या प्रणालींत नमुना एका ठिकाणी नोंदला जातो, जातीचे नाव दुसऱ्या ठिकाणी, आणि ‘हा नमुना म्हणजे ही जाती’ हे विधान तिसऱ्या ठिकाणी, ते कोणी आणि केव्हा केले यासह. गोंदिया जिल्ह्याची ओळख बनलेल्या सारसाला लिनियसने 1758 मध्ये बगळ्यांच्या ‘आर्डिया’ या प्रजातीत घातले होते. पुढे तो ‘ग्रुस’मध्ये गेला आणि 2010 च्या जनुकीय अभ्यासानंतर ‘अँटिगोनी’ या प्रजातीत. कपाटातला पक्षी मात्र जागचा हलला नाही. बदलली ती माणसाची समजूत, आणि प्रणालीने जुनी समजूत खोडून टाकायची नसते. तिच्याखाली नवी लिहायची असते. मराठी वाङ्मयाला ही शिस्त अपरिचित नाही. म्हाइंभटाने महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी त्यांना पाहिलेल्या-ऐकलेल्यांकडे जाऊन गोळा केल्या. मूळ पोथी नष्ट झाल्यावर लीळाचरित्र स्मरणातून पुन्हा उभे करण्यात आले, तेव्हा वेगवेगळ्या अनुयायांच्या आठवणींतले फरक पुसून एकच गुळगुळीत पाठ तयार केला गेला नाही. पाठभेद जागच्या जागी राहिले. कोणी सांगितले हे सांगितल्याशिवाय काय सांगितले त्याला किंमत नाही, हा विवेक त्यामागे आहे.

गोंदियाच्या बाबतीत या विवेकाची कसोटी स्थळाच्या रकान्यात लागते. हा जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. भंडारा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. त्याआधी तो मध्य प्रदेशात होता आणि स्वातंत्र्यापूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा अजब बंगला, 1863 पासूनचे आहे. तेथील ई. ए. डी’अब्रू यांनी मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी 1935 मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या काळातल्या चिठ्ठीवर ‘गोंदिया जिल्हा’ असे लिहिलेले असणे शक्यच नाही. नोंद करणाऱ्याने चिठ्ठीवरचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे आणि आजचा अर्थ वेगळ्या रकान्यात लिहायचा, असे ‘डार्विन कोअर’ हे माहितीचे मानक सांगते. चिठ्ठीवर नुसते ‘अर्जुनी’ असेल तर ती अर्जुनी मोरगाव की सडक अर्जुनी? दोन्ही याच जिल्ह्यातली तालुक्याची ठिकाणे. ‘नवेगाव’ म्हणजे बांधाचे नवेगाव की नागपूर जिल्ह्यातले नवेगाव खैरी? अशा वेळी अंदाजाने एक बिंदू टाकून मोकळे होण्याचा मोह होतो. प्रणालीत मात्र त्या बिंदूभोवती अनिश्चिततेचे अंतरही लिहिता येते: स्थळ या वर्तुळात कुठेतरी आहे, अधिक ठाऊक नाही. न्यायदर्शनाने आपल्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यापाठोपाठ संशयाला स्थान दिले आहे. संशय लिहून ठेवणे हा ज्ञानाचाच भाग आहे, आणि तो रकाना रिकामा सोडणारी नोंद दिसायला कितीही नेटकी असली तरी अप्रामाणिक असते.

अप्रामाणिक नोंद काय करू शकते, हे रानपिंगळ्याच्या इतिहासात दिसते. गोंदियाच्या पूर्वेला, आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागात एफ. आर. ब्लेविट यांना हे छोटे घुबड 1872 मध्ये मिळाले आणि पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने पुढच्या वर्षी त्याचे वर्णन केले. नंतर जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून काही नमुने गोळा केले. या पक्ष्याची शेवटची नोंद 1914 ची, गुजरातेतल्या मांडवीची, रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या नावावर होती. पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा उलगडले की कातडी डेव्हिडसन यांच्या संग्रहातली होती. ती चोरून, नव्याने भरून तिला खोटी चिठ्ठी लावली होती. पक्षी खरा, जाती खरी, आकृतीही खरी. खोटे होते ते फक्त स्थळकाळाचे विधान. ती नोंद बाजूला ठेवून खरी स्थळे तपासली गेली आणि नोव्हेंबर 1997 मध्ये खानदेशातल्याच शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती तोवर खोटेपणा एका कपाटात राहत होता. आता ‘जीबिफ’सारख्या जागतिक संचयातून तोच खोटेपणा एका दिवसात शेकडो अभ्यासांत पोचू शकतो. सत्याची जबाबदारी यंत्राने हलकी केलेली नाही, वाढवली आहे.

आता अवघड प्रश्न. कपाटातले बहुतेक जुने पक्षी मारलेले आहेत. सालिम अलींसारख्या पक्षिप्रेमी शास्त्रज्ञानेही संग्रहासाठी बंदूक चालवली. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या आश्रयाला आला आणि त्यांनी तो दिला नाही, ही लीळा ज्या विदर्भात आजही सांगितली जाते, तेथे ज्ञानासाठीची हिंसा आपोआप क्षम्य ठरत नाही. या हिंसेचे पूर्ण समर्थन करता येत नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. पण जीव घेतला गेला आहे ही गोष्ट आता बदलता येत नाही. त्याचे ऋण उरते. ते फेडण्याचा एकच मार्ग संग्रहालयाकडे आहे: त्या जिवाबद्दल जे कळले ते खरेपणाने जपणे आणि अभ्यासकाच्या हाती देणे, म्हणजे त्याच माहितीसाठी दुसरा जीव घ्यावा लागणार नाही. नोंद न केलेला, कसर लागलेला नमुना हे फुकट गेलेले मरण आहे. संगणकप्रणालीचे नैतिक महत्त्व येथे आहे, कामाचा वेग वाढण्यात नाही.

तरीही नोंद हाच जपण्याचा एकमेव प्रकार नाही. सालेकसा तालुक्यातली कचारगड गुहा हे गोंड समाजाचे उगमस्थान मानले जाते. माघ पौर्णिमेला तेथे दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. गोंडांच्या कोया पुनेम या धर्मपरंपरेत प्रत्येक कुळाचे एखाद्या झाडाशी, प्राण्याशी किंवा पक्ष्याशी नाते असते आणि त्याला इजा न करणे हा त्या कुळाचा धर्म असतो. मरकाम हे नाव आंब्यावरून आले, टेकाम सागावरून. येथेही नावच जातीला धरून ठेवते. मात्र ते मेलेल्या देहाला बांधलेले नसून जिवंत माणसाच्या कुळाला बांधलेले आहे. संग्रहालयाच्या नावात ओळख आहे, कुळाच्या नावात कर्तव्यही आहे.

हे कर्तव्य रकान्यात मावत नाही. जैवविविधता कायदा, 2002 खाली गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. नवेगावबांध परिसरातल्या ढिवरांना मासे आणि पाणपक्षी ठाऊक आहेत, तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांना पाण्याची चाल. ते ज्ञान अशा वहीत आले तर वनखात्यालाही उपयोगी पडेल. पण देवस्थानाच्या राईत काय आहे, कोणती वनस्पती कशावर देतात, हे गावाला विचारल्याशिवाय जगासमोर मांडणे योग्य नव्हे. सारसाच्या घरट्याचे अचूक ठिकाणही असेच. अतिसंवेदनशील जातींची ठिकाणे मुद्दाम ढोबळ करून दाखवण्याची सोय प्रणालींत असते, आणि ती वापरणे म्हणजे सत्य लपवणे नव्हे. मूळ नोंद अचूकच राहते. ती कोणापुढे उघडायची एवढेच ठरवले जाते.

पुण्याच्या सी-डॅकने भारतीय संग्रहालयांसाठी तयार केलेल्या प्रणालीचे नाव ‘जतन’ आहे. गोंदियात हा शब्द सारसापासून सुरू व्हायला हवा. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे, आणि 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. धानाच्या बांध्यांवरून जाणाऱ्या वीजतारा आणि कीटकनाशके हे त्याचे शत्रू आहेत. तारेला लागून मेलेला सारस कोणी मारून आणलेला नसतो. त्याच्या बाबतीत अहिंसा आणि ज्ञान यांत निवड करावी लागत नाही. गावाचे आणि तलावाचे नाव, तारीख, मृत्यूचे कारण आणि ज्याने तो पाहिला त्या शेतकऱ्याचा शब्द यांसह अशा प्रत्येक पक्ष्याची नोंद व्हावी, आणि कायद्याच्या परवानगीने त्याचे पीस, हाड किंवा ऊतक एखाद्या सार्वजनिक संग्रहात ठेवले जावे.