दमलेल्या शरीराची जाग

दमलेला माणूस आडवा होतो, झोपतो आणि उठल्यावर त्याला बरं वाटतं. हे आपण इतकं गृहीत धरलेलं आहे, की झोपूनही थकवा जात नाही असं कुणी सांगितलं तर आपल्याला आधी त्या माणसाचीच शंका येते. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, थोडक्यात एमई-सीएफएस, हा आजार झालेले लोक या शंकेच्या सावलीत वर्षानुवर्षं जगतात. २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने या आजाराचा सविस्तर अहवाल काढला. तिथल्या ८४ ते ९१ टक्के रुग्णांचं निदानच झालेलं नसावं, असा अंदाज त्यात नोंदवलेला आहे.

या आजारातली रात्र फार क्रूर असते. कूस बदलायचं त्राण उरलेलं नसतं आणि तरी छाती धडधडत राहते. रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज थेट डोक्यात शिरतो, डोळे मिटले तरी आत सगळं टक्क जागं असतं. झोप लागलीच तर पहाटे, आणि सकाळी अंग रात्रीपेक्षा जास्त गळालेलं. हृदयाची गती, रक्तदाब, पचन आपल्या नकळत सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था या आजारात बिघडलेली आढळते. काही रुग्णांत नुसतं उभं राहिल्याने नाडीचे ठोके मिनिटाला तीस किंवा त्याहून अधिक वाढतात. असं शरीर अंथरुणावर पडलं तरी सावधच राहतं.

म्हणून मला वाटतं, विश्रांतीबद्दलची आपली समजूतच मुळात अपुरी आहे. काम थांबवलं की विश्रांती आपोआप मिळते, असं आपण मानतो. पण विश्रांती ही शरीराने करायची क्रिया आहे. ताट वाढलं म्हणून अन्न पचत नाही, तसं गादी घातली म्हणून शरीर विसावत नाही. एमई-सीएफएसमध्ये ही क्षमताच हिरावली जाते. अशा माणसाला ‘जरा आराम कर’ म्हणणं जितकं निरुपयोगी, तितकंच ‘जरा हातपाय हलव, बरं वाटेल’ म्हणणं घातक.

घातक हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. या आजाराचं मुख्य लक्षण आहे श्रमांनंतर होणारी घसरण. ती बहुधा लगेच येत नाही, एका-दोन दिवसांनी येते. त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही. आंघोळ, बँकेतला फॉर्म, फोनवरचं लांबलेलं बोलणंही पुरतं. तरीही कित्येक वर्षं ब्रिटनमध्ये रुग्णांना टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवायला सांगितलं जात होतं. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ‘पेस’ या ६४१ रुग्णांच्या चाचणीने त्या सल्ल्याला बळ दिलं. या चाचणीत शारीरिक क्षमतेच्या मोजपट्टीवर ६५ गुण असलेली व्यक्ती आजारी म्हणून दाखल होऊ शकत होती, आणि शेवटी ६० गुण मिळाले तरी त्या निकषावर ती बरी धरली जात होती. रुग्णांनीच माहितीच्या अधिकाराचा लढा देऊन २०१६ मध्ये आकडे मिळवले. मूळ आराखड्यातल्या निकषांनी ते पुन्हा मोजले, तेव्हा बरे झालेल्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आलं. २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने असा ठरावीक वाढता व्यायाम उपचार म्हणून देऊ नये, असं आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं. अंथरुणावर पडलेल्या माणसांनी मिळवलेला हा न्याय आहे.

त्याआधीची कहाणी अधिक कडू आहे. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये सुमारे तीनशे कर्मचारी एका गूढ आजाराने पडले आणि रुग्णालय काही महिने बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्या रुग्णांना न भेटता, केवळ कागद वाचून, हा सामूहिक उन्माद होता असा निष्कर्ष काढला. आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या, हाही त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता.

आपल्याकडे बाईचा थकवा आजार मानला जाण्याआधी तिचा स्वभाव मानला जातो. २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये गोव्यातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. १८ ते ५० वयाच्या या स्त्रियांपैकी सुमारे १२ टक्के जणी सहा महिने किंवा अधिक काळ थकव्याने त्रस्त होत्या. ती पाहणी एमई-सीएफएसची नव्हती, पण त्या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही; गरिबी, मानसिक त्रास, स्त्रीरोगाच्या तक्रारी यांच्याशी आढळला. दवाखान्यात मात्र बाई ‘अशक्तपणा आहे’ म्हणाली की लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक, आणि रिपोर्ट नॉर्मल आले की ‘मनावर घेऊ नका’. मनाचा त्रास सापडला म्हणून शरीराची चौकशी संपत नाही, एवढं तरी आपण मान्य करायला हवं.

या आजारावर आज खात्रीचं औषध नाही. आहे ती शिस्त: दमायच्या आधी थांबायचं. अर्धी पोळी लाटून थांबायचं, बरं वाटत असतानाच थांबायचं. लहानपणापासून अंगी बाणवलेल्या कष्टाळूपणाच्या हे पूर्ण विरुद्ध आहे. शिवाय ती शिस्त एकटीने पाळता येत नाही, कारण उरलेली पोळी कुणीतरी लाटावी लागते. वन रूम किचनमध्ये टीव्हीचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल यांतून शांतता काढायची तर घरातल्या सगळ्यांना बदलावं लागतं. आजाऱ्याला बघायला जायची आपली रीत मला प्रिय आहे, पण इथे तीच महागात पडते. अर्धा तास गप्पा मारून, नारळपाणी ठेवून नातेवाईक समाधानाने जातात. आल्यागेल्याकडे हसून बघण्यात गेलेलं बळ त्यानंतरचे दोन दिवस वसूल करतात. अशा वेळी डबा दाराशी ठेवून, बेल न वाजवता परत जाणाऱ्या जावेचं प्रेम मला मोठं वाटतं.

डॉक्टरांकडून माझी अपेक्षा फार नाही. ‘आत्ता कसं वाटतंय?’ एवढ्यावर न थांबता त्यांनी विचारावं, ‘काम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं?’ या प्रश्नाला यंत्र लागत नाही, खर्च येत नाही, तालुक्याच्या दवाखान्यातही तो विचारता येतो. आणि उत्तर येईपर्यंत समोरच्या बाईला चालायला जाण्याचा सल्ला देऊ नये.