पाणी समपातळीला येईपर्यंत

बोटीच्या मागच्या टोकाला उभे राहा. पायाखाली एका माणसाला पुरेल एवढी जागा, हाताशी सुकाणूचा दांडा आणि समोर साठ-सत्तर फूट लांब, पण सात फुटांहून जरा कमीच रुंद अशी बोट. ही नॅरोबोट. आपण इंग्लंडच्या मध्यभागी, ऑक्सफर्ड कालव्यावर आहोत. नॅप्टनच्या टेकडीचे लॉक, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसरीवर नेणारे हौद, चढून बोट कालव्याच्या माथ्यावरच्या पाण्यात आली आहे. आता क्लेडनपर्यंत ११ मैल एकही लॉक नाही. हात दांड्यावर ठेवा, पण घट्ट धरू नका.

दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं तोंड उजवीकडे वळतं, पण लगेच नाही. आधी काहीच होत नाही. त्या क्षणी मन म्हणतं, अजून ढकल. तसं करू नका. दिलेला इशारा बोटीच्या अंगभर पोचू द्या. थोड्या वेळाने दूरवरचं टोक सरकायला लागतं, आणि ते सरकायला लागलं की लगेच दांडा परत मध्ये आणावा लागतो, कारण थांबायलाही तिला तेवढाच वेळ लागतो. काही वळणं अशीच जाऊ द्या. काही करणं आणि त्याचा परिणाम दिसणं यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. एरवी ती आपल्या लक्षातही येत नाही. इथे तिच्यातच उभं राहायचं आहे.

आता इच्छा झालीच तर वेग वाढवून बघा. कालव्यांवरची मर्यादा ताशी ४ मैल आहे, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. प्रत्यक्षात बोट त्याहून हळूच चालते. काठावरून कुत्र्याला घेऊन निघालेली बाई आपल्याबरोबर चालते आणि पुलापाशी आपल्याला मागे टाकते. इंजिनाला जोर दिला तर आवाज वाढतो, धूर वाढतो, बोटीचं मागचं अंग पाण्यात खाली बसतं, काठाचं पाणी आत ओढलं जातं आणि मागे लाट फुटते. बोट मात्र फारशी पुढे जात नाही. उथळ, अरुंद कालव्यात बोटीला पुढे जायचं तर समोरच्या पाण्याला तिच्या कडेने मागे जायला जागा लागते, आणि ती जागा ठरलेली आहे. लाट काठाची माती खाते, बांधलेल्या बोटींचे दोर ताणते. इंजिन परत मंद करा. ते पूर्वीच्या लयीवर आलं की काय काय ऐकू यायला लागतं, ते ऐका.

हे ११ मैल सरळ रेषेत मोजले तर पाच मैलांच्याही आत भरतील. कालवा आखणाऱ्या जेम्स ब्रिंडली यांनी जमिनीची उंची जिथे सारखी राहते ती रेष धरली. टेकडी आली की तिला वळसा, ओढ्याची घळ आली की तिच्या आतपर्यंत जाऊन परत. वर्मलेटनपाशी तर कालवा गावाला तीन बाजूंनी वेढतो. मघाशी उजवीकडे दिसलेलं झाड आता डावीकडे आहे, ते तेच आहे. ब्रिंडलींना लिहिणं-वाचणं बेताचंच येत असे. अवघड प्रश्न पडला की ते अंथरुणावर पडून राहत आणि उत्तर सापडल्यावरच उठत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १७७२ मध्ये ते गेले, तेव्हा हा कालवा अर्धवट होता. बोटी ऑक्सफर्डपर्यंत पोचल्या १ जानेवारी १७९० रोजी. पुढे १८३०च्या दशकात उत्तरेकडच्या भागातली वळणं काढून चौदाएक मैल वाचवले. दक्षिणेचा हा भाग मात्र तसाच राहिला. मला तो तसा राहिल्याचा फार आनंद आहे.

पण इथे थोडं थांबून एक गोष्ट मनात नीट घ्यायला हवी. ही वळणं कुणाच्या विसाव्यासाठी काढलेली नव्हती. कॉव्हेंट्रीच्या आसपासच्या खाणींतला कोळसा दक्षिणेला न्यायचा होता. भराव, बोगदे आणि लॉक यांवर होणारा खर्च वाचवायचा होता. ज्या हळूपणात आपण आता उभे आहोत, तो एका धंद्याच्या हिशेबातून आला आहे.

समोर विटांचा कमानी पूल येतो आहे. कालवा इथे आणखी अरुंद होतो. कमानीच्या कोपऱ्याला, घोड्याच्या वाटेच्या बाजूला, नजर न्या. जुन्या कालव्यांवर अशा कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि त्या लोखंडात बोटाएवढे खोल काचे पडलेले दिसतात. एकाखाली एक, कुठे एकमेकांत मिसळलेले, आतून गुळगुळीत. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या दगडी काठावर पोहऱ्याच्या दोराने पडतात तसेच हे आहेत. घोडा वाटेवरून चालायचा, त्याच्या मागे लांब दोर आणि दोराच्या टोकाला पंचवीसेक टन कोळसा भरलेली बोट. दोर ओला असायचा, त्यात वाळूचे कण अडकलेले असायचे, आणि पुलाखालून जाताना तो दरवेळी त्याच कोपऱ्यावर घासायचा. दोर मऊ आणि लोखंड टणक, तरी लोखंडही झिजलं. पुलाखालून जाताना एखाद्या काच्यात मनाने बोट ठेवा. तो एका दोराने पडलेला नाही. या लोखंडावर कुणाचंच नाव नाही, आणि तरी शेकडो माणसांच्या कामाची नोंद आहे.

ती माणसंही डोळ्यांसमोर आणा. रेल्वे आली, भाडी उतरली, आणि घरभाडं परवडेना म्हणून कितीतरी नावाडी बायकामुलांसह बोटीवरच राहायला आले. मागच्या बाजूची राहायची खोली दहा फूट लांब आणि बोटीएवढीच रुंद. तिच्यात चूल, खाली ओढला की पलंग होणारा फळ्यांचा कप्पा, भिंतीवर नक्षीच्या ताटल्या. लहान मूल घोड्यापुढे चालायचं, जरा मोठं झालेलं पुढे पळत जाऊन लॉक तयार ठेवायचं. बाई एका हाताने सुकाणू धरायची. १८७७ मध्ये कायदा आला, बोटींची नोंदणी सुरू झाली, एका खोलीत किती जणांनी झोपावं यावर बंधन आलं. शाळा मात्र बहुतेक मुलांच्या वाट्याला आली नाही. रोज नवं गाव लागणाऱ्या मुलाला कोणती शाळा घेणार? ही माणसंसुद्धा याच वेगाने गेली, पण त्यांना त्यात विसावा नव्हता. उलट जो वेळ हातचा जाई तो त्यांना सलत असे, कारण मजुरी खेपेवर मिळायची. आपल्याला आवडणारी ही संथ गती त्यांच्यासाठी कामाचा दिवस होती. हा विचार लगेच बाजूला सारू नका. तो थोडा वेळ हातातल्या दांड्याबरोबर असू द्या.

क्लेडन. इथून उतार. पाच लॉक एकापाठोपाठ एक.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांब, अरुंद हौद. तो भरलेला आहे, म्हणून बोट सरळ आत जाते. दोन्ही बाजूंना वीतभरही मोकळी जागा नाही. मागचा दरवाजा बंद करा. त्याच्या पायाशी पाण्याखाली दगडी उंबरठा आहे, पाणी उतरेल तसा तो उघडा पडत जाईल. म्हणून बोट पुढेच ठेवा, तिचं मागचं अंग त्यावर अडकता कामा नये. आता लोखंडी हँडल घेऊन काठावर उतरा, ते खालच्या दरवाज्यापाशी असलेल्या दात्यांच्या चाकात बसवा आणि फिरवा. पाण्याखालची झडप वर उचलली जाते. आधी खोल घुमणारा आवाज, मग खालच्या बाजूला पांढरा फेस. बोट उतरू लागते. शेवाळलेल्या ओल्या विटा एकेका थराने वर येताना दिसतात.

आता पाठ दरवाज्याच्या लांब लाकडी तुळईला टेकवा आणि ढकलू नका. नुसती टेकवा. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांत चार बोटांचा फरक उरला, तरी सात फुटांच्या त्या दरवाज्यावर दोनशे किलोंहून जास्त दाब असतो. या वेळी कितीही जोर लावला तरी फक्त आपली कंबर दुखते. आवाज मंदावतो. फेस विरतो. पाण्यावरची पानं एका जागी स्थिर होतात. आणि मग पाठीला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. मघापर्यंत भिंतीसारखा उभा असलेला तो दरवाजा अगदी किंचित मागे सरतो. आता चाला. एक-एक पाऊल मागे रेटत जा, टनावारी लाकूड तुमच्या पाठीने उघडतं. लहान मूलही ते करू शकतं आणि बोटींवरच्या मुलांनी पिढ्यानपिढ्या केलं आहे.

जे पाणी आत्ता वाहून गेलं, तेही मनात धरा. ते साधारण लाखभर लिटर होतं. ते वर परत येणार नाही. माथ्यावरून जाणारी प्रत्येक बोट दोन हौद पाणी खाली सोडते, एक चढताना आणि एक उतरताना, आणि ते बॉडिंग्टन, क्लॅटरकोट अशा तलावांतून भरून काढावं लागतं. कोरड्या उन्हाळ्यात तलाव आटतात, तेव्हा लॉक बंद ठेवायची वेळ येते. म्हणून समोरून बोट येत असेल तर तिची वाट पाहतात. भरलेला हौद आपण वापरला, रिकामा तिने वापरला, तर तेवढ्याच पाण्यात दोन बोटी जातात. अशी वाट पाहताना दहा-पंधरा मिनिटं काठावर उभं राहावं लागतं. एरवी आपण या वेळाला वाया गेलेला म्हणतो. इथे त्या वेळाने लाखभर लिटर पाणी वाचलेलं असतं.

बॅनबरी येतं. टूलींच्या जुन्या बोटदुरुस्तीच्या धक्क्यावर १९३९ मध्ये लेखक टॉम रोल्ट यांनी आपली ‘क्रेसी’ ही बोट राहण्याजोगी करून घेतली आणि तिच्यावरून ते प्रवासाला निघाले. १९४४ मध्ये त्यांचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आलं, आणि दोन वर्षांनी मरणपंथाला लागलेले हे कालवे वाचवण्यासाठी ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ उभी राहिली. १९६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि मालवाहतूक जवळजवळ संपली. तरी कालवे उरले, कारण काही लोकांना त्यांची किंमत कोळशाच्या टनांत मोजायची नव्हती.

पुढे एन्होपाशी चेरवेल नदी कालव्याला आडवी येते. तिथला लॉक पाहा. त्याचा उतार जेमतेम फूटभर, पण हौद पत्त्यांतल्या चौकटच्या खुणेसारखा ऐसपैस. कारण त्याच्यापुढे सॉमर्टनचा लॉक १२ फूट खोल आहे, आणि त्याला लागणारं पाणी या उथळ लॉकमधूनच खाली यायचं असतं. रुंदी वाढवून खोलीची भरपाई केलेली आहे. हे ज्याला सुचलं, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. एका लॉकचा विचार करताना त्याने पुढच्या लॉकची तहान लक्षात ठेवली.

शिप्टनच्या अलीकडे मैलभर कालवा आणि चेरवेल एकच होतात. दांड्यावरच्या हाताला फरक लगेच कळतो. आतापर्यंत पाणी तुमची वाट पाहत होतं, आता ते स्वतःच निघालं आहे. पाऊस झाला असेल तर काठावरची पातळीची खूण बघा. ती लाल पट्ट्यात असेल तर पुढे जाऊ नका, बोट बांधा, चहा ठेवा.

ऑक्सफर्डला कालवा शहराच्या आतपर्यंत जात असे. तिथला कोळशाचा धक्का बुजवला गेला आणि त्या जागेवर नफिल्ड कॉलेज उभं राहिलं. ते मोटारी बनवून श्रीमंत झालेल्या लॉर्ड नफिल्ड यांच्या देणगीतून. आता बोट आयसिस लॉकमधून थेम्सकडे वळते. थेम्स वाहती आहे, तिच्यावर नांगर तयार ठेवावा लागतो, आणि तिच्या लॉकवर बहुधा रखवालदार असतात, ते दरवाजे उघडून देतात. आयसिस लॉकवर मात्र दरवाजा तुमचाच आहे. बाहेर पडलात तरी लगेच निघू नका. बोट काठाला धरा, परत जा, दरवाजा लावा, झडपा पूर्ण खाली बसल्यात का ते हँडल लावून पुन्हा एकदा बघा. वुल्व्हरकोटच्या लॉकपर्यंतचं पाणी, आणि त्या पाण्यावर बांधलेल्या सगळ्या बोटी, या फळ्यांच्या भरवशावर आहेत.